वाचकांचे प्रश्न : पोटातल्या बाळाच्या ठोक्यांची रेघ

एनएसटी आणि सीटीजी या तपासण्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. दोन्हींचं यंत्र एकच. कळा सुरू नसताना, गर्भाशयावर कुठलाही ताण न देता बाळाचे ठोके नोंदवले की ती नॉन स्ट्रेस टेस्ट, म्हणजे एनएसटी. कळा चालू असताना तेच यंत्र लावलं की लेबर रूममध्ये त्याला सीटीजी म्हणतात.

प्रश्न : मला ३४वा आठवडा चालू आहे. रक्तदाब थोडा वाढला म्हणून एनएसटी केली. ठोके १४० आले. तरी सिस्टर म्हणाल्या, "रेघ सपाट येतेय, अजून अर्धा तास थांबा." नंतरची पट्टी चांगली आली. १४० नॉर्मल असेल तर सपाट रेघेची काळजी कशाला? आणि अर्ध्या तासात काय बदललं? — एक वाचक, कराड

अर्ध्या तासात बहुधा तुमचं बाळ झोपेतून जागं झालं.

आता १४०बद्दल. मिनिटाला ११० ते १६० ठोके ही नेहमीची मर्यादा आहे आणि १४० हा त्यातला सरासरी आकडा. पण निरोगी बाळाचं हृदय घड्याळासारखं एकसारखं टिकटिकत नाही. १४०च्या गतीला दोन ठोक्यांमध्ये सुमारे ४२८ मिलिसेकंदांचं अंतर असतं. ते १५ मिलिसेकंदांनी घटलं की रेघ १४५वर चढते, तेवढंच वाढलं की १३५वर उतरते. हे चढणं-उतरणं सतत चालू असतं, कारण बाळाच्या हृदयाला दोन लगाम आहेत. सिंपथेटिक नसा वेग वाढवतात, व्हेगस नस तो कमी करते, आणि मेंदूचा तळ दोघींना क्षणोक्षणी हुकूम देत असतो. पट्टीवरची बारीक नागमोड ही त्या ओढाताणीची खूण आहे. डॉक्टर तिला व्हेरिएबिलिटी म्हणतात. ती नीट दिसत असेल तर मेंदूपासून हृदयापर्यंतच्या सगळ्या साखळीला प्राणवायू मिळतोय असं मानता येतं. प्राणवायू कमी पडू लागला, तरी सरासरी आकडा बराच वेळ जागच्या जागी राहू शकतो. नागमोड मात्र विरायला लागते. एडवर्ड हॉन आणि त्यांचे सहकारी ली यांनी १९६३ साली हेच दाखवून दिलं : अडचणीत आलेल्या बाळाच्या ठोक्यांचा वेग बदलण्याआधी ठोक्या-ठोक्यांमधलं अंतर बदलतं. सिस्टर १४०च्या आकड्यावर समाधान मानून थांबल्या नाहीत, त्याचं कारण हे.

तुमची पट्टी हातात घ्या आणि स्वतः पाहा. वरच्या भागात उभ्या रेषेवर ठोक्यांचे आकडे छापलेले असतात. खालच्या किंवा वरच्या कडेला कागदाचा वेग असतो, मिनिटाला १, २ किंवा ३ सेंटिमीटर. रेघेचा असा एक मिनिटाचा तुकडा निवडा जिथे मोठा उंचवटा नाही आणि खड्डाही नाही. त्या मिनिटातलं सर्वांत वरचं टोक आणि सर्वांत खालचं टोक, यांच्यातला फरक मोजा. ५ ते २५ ठोके आला तर नागमोड चांगली. ५च्या खाली असेल तर रेघ सपाट. २५च्या वर अर्धा तासाहून जास्त राहिली तर तेही चांगलं लक्षण नाही. कागदाचा वेग पाहायला विसरू नका. ३ सेंटिमीटरच्या वेगाला नागमोड ताणली जाते आणि तेच बाळ १ सेंटिमीटरच्या पट्टीपेक्षा जास्त 'सपाट' दिसतं. दोन वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या पट्ट्या शेजारी ठेवून घाबरलेली पत्रं आमच्याकडे येतात. त्यांनी आधी ही कड वाचावी.

बाळाची गाढ झोप साधारण २० ते ४० मिनिटांची असते, क्वचित ५०पर्यंत जाते. त्या वेळात नागमोड कमी असते आणि ठोके उसळी घेत नाहीत. म्हणून स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिगोच्या, २०१५च्या निकषांत रेघ ५० मिनिटांहून जास्त वेळ सपाट राहिली तरच ती गंभीर धरतात. बाळ जागं झालं, हललं, की ठोके निदान १५ने वाढतात आणि ती उसळी निदान १५ सेकंद टिकते. २० मिनिटांत अशा दोन उसळ्या दिसल्या की एनएसटी 'रिअॅक्टिव्ह'. ३२ आठवड्यांआधी १० ठोके आणि १० सेकंद पुरतात, कारण व्हेगस नस अजून पिकायची असते.

रिअॅक्टिव्ह एनएसटीचा दिलासा मोठा आहे. त्यानंतरच्या आठवड्यात बाळ पोटात दगावण्याचं प्रमाण हजारात सुमारे दोन आहे. पण ही तपासणी वार अचानक सुटणं किंवा नाळेला एकाएकी पीळ पडणं आधी सांगू शकत नाही, आणि वाढलेल्या रक्तदाबात वार सुटण्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे अंगावरून रक्त गेलं, पोट दगडासारखं घट्ट होऊन दुखू लागलं, डोकं फार दुखलं, नजर अंधुक झाली किंवा बाळाचं फिरणं कमी वाटलं, तर पुढच्या एनएसटीच्या तारखेची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा.

प्रश्न : एनएसटीला जाण्याआधी चॉकलेट खा, नारळपाणी प्या, म्हणजे बाळ हलतं आणि रिपोर्ट चांगला येतो, असं सगळ्या मैत्रिणी सांगतात. खरं का? — एक वाचक, पिंपरी

आईला ग्लुकोज देऊन पट्टी सुधारते का, हे चाचण्यांमध्ये तपासलं गेलं आहे. सुधारत नाही. पोट हाताने हलवूनही फरक पडत नाही. पोटावर काही सेकंद गुणगुणणारं, थरथरणारं उपकरण लावलं तर मात्र झोपलेलं बाळ जागं होतं. काही रुग्णालयांत ते असतं. नारळपाणी आवडत असेल तर खुशाल प्या, उपाशीपोटी येऊ नका, लघवीला जाऊन या. मिश्री लावायची सवय असेल तर ती लपवू नका. निकोटिनचा बाळाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, आणि मिश्रीमुळे बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. पट्टी वाचणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमला आहे. यंत्र लावलं की रेघ तुटते, मध्येच ७०-८०वर येते, कधी एकदम दुप्पट होते. यंत्र बिघडलंय की आमचं चुकतंय? — एक परिचारिका, नंदुरबार जिल्हा

सिस्टर, यंत्र बहुधा चांगलं आहे. ते जे ऐकतं ते बाळाचंच असेल अशी खात्री मात्र ते देत नाही. ती आपण करून घ्यायची असते.

सुरुवात झोपवण्यापासून. बाईला सपाट उताणं झोपवू नका. भरलेलं गर्भाशय पाठीमागच्या मोठ्या नीलेवर दाबतं, आईचा रक्तदाब उतरतो आणि बाळाचे ठोके पडतात. ती पडझड आपणच घडवलेली असते. डोक्याकडची बाजू उंच करा, किंवा उजव्या कुशीखाली घडी केलेली चादर देऊन डावीकडे कलवा. मग पोट चाचपून बाळाची पाठ शोधा. डोकं खाली असेल तर ठोके बेंबीच्या खाली पाठीच्या बाजूला सापडतात, बाळ पायाळू असेल तर बेंबीच्या आसपास किंवा वर. पट्टा बांधायच्या आधी पिनार्डने, म्हणजे कान लावून ठोके ऐकायच्या नळीने, किंवा हातातल्या डॉपलरने ती जागा पक्की करा. ठोक्यांच्या प्रोबला चमचाभर जेल लावा. कळांचा प्रोब गर्भाशयाच्या माथ्यावर, कोरडा. त्याला जेल लावलं की तो घसरतो. दोन कळांच्या मधे पोट सैल असताना त्याचा काटा शून्यावर घ्या. आणि लक्षात ठेवा, तो प्रोब कळ कधी आली आणि किती वेळ होती एवढंच सांगतो. कळेचा जोर हातानेच पाहावा लागतो. पट्टा दोन बोटं आत जातील इतका घट्ट.

यंत्र सुरू करण्याआधी बाईच्या मनगटाची नाडी मोजा आणि ती वेळेसह पट्टीवर पेनाने लिहा. नाव, नोंदणी क्रमांक, आठवडे, रक्तदाब, ताप, दिलेली औषधं, हेही तिथेच लिहा. यंत्राचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवा. वीज गेल्यावर काही यंत्रांची वेळ मागे पडते आणि पुढे सगळी नोंद चुकते.

आता दोष. रेघ तुटते ती जेल वाळल्यामुळे, बाळ सरकल्यामुळे किंवा प्रोबचा कोन चुकल्यामुळे. आवाज वाढवून उपयोग नाही, प्रोब थोडा थोडा कलवून पाहा. रेघ ७०-९०वर आली तर दोन शक्यता असतात : बाळाचे ठोके खरोखर पडलेत, किंवा प्रोबने आईची रक्तवाहिनी पकडलीय. आईच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावा. त्यावरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा बरोबरीने चालत असतील तर ती आईची नाडी आहे. पण याची खात्री करण्यात वेळ दवडू नका. एका हाताने प्रोब हलवा, दुसरीला डॉक्टरांना हाक मारायला सांगा.

दुप्पट होण्याचं कारण असं : डॉपलर हृदयाच्या झडपांची हालचाल पकडतो. ठोके फार हळू झाले की झडप उघडणं आणि मिटणं यांतलं अंतर वाढतं, आणि यंत्र त्यांना दोन वेगळे ठोके मोजतं. खरे ७० पट्टीवर १४० होतात. घसरत चाललेली रेघ एका क्षणात, मधला चढ न घेता, १४०वर उडी मारून बसली तर 'सुधारले' म्हणू नका. पिनार्ड लावून पूर्ण एक मिनिट मोजा. उलट, ठोके २००च्या पुढे गेले तर काही वेळा ते निम्मे दिसतात.

सगळ्यात मोठा धोका जोर लावण्याच्या टप्प्यात असतो. प्रत्येक कळेला आई जोर लावते, तिची नाडी १२०-१४०वर जाते, प्रोब ती पकडतो आणि पट्टीवर सुंदर उसळ्या दिसतात. नागमोडही छान दिसते, कारण आईच्या नाडीत ती असतेच. पण त्या वेळी डोकं दबत असल्यामुळे बाळाचे ठोके साधारणपणे खाली जातात. प्रत्येक जोराबरोबर रेघ वरच जात असेल तर ती बाळाची नाही असं धरून चाला आणि तपासा. बाळ पोटात आधीच दगावलेलं असतानाही अशी रेघ येऊ शकते. म्हणून मनगटावरच्या नाडीचा एवढा आग्रह.

तुटक रेघेवर नागमोड मोजू नका. निदान सलग दहा मिनिटांची रेघ हवी.

प्रश्न : मुलीला ३१व्या आठवड्यात रक्तदाबामुळे दाखल केलं. फुप्फुसांसाठी इंजेक्शनं आणि मॅग्नेशियम दिलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं की ठोक्यांची रेघ सपाट आहे, पण लगेच सिझेरियन केलं नाही, थांबले. हा निष्काळजीपणा नव्हे ना? — एक वाचक, अहिल्यानगर

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तसं दिसत नाही. बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून देतात त्या स्टेरॉइडमुळे, विशेषतः बीटामेथासोनमुळे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाची हालचाल आणि रेघेतली नागमोड दोन्ही कमी होतात, आणि चौथ्या दिवसाच्या आसपास परत येतात. मॅग्नेशियम सल्फेटनेही नागमोड आणि उसळ्या कमी होतात. पेथिडीनसारख्या वेदनाशामकांचंही तसंच. ३१ आठवड्यांच्या बाळाची नागमोड मुळातच नऊ महिन्यांच्या बाळापेक्षा कमी असते. तीन कारणं एकत्र आल्यावर सपाट रेघ पाहून घाईने सिझेरियन केलं असतं, तर ज्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली ती पिकायला वेळच मिळाला नसता.

अर्थात 'औषधामुळे असेल' असं म्हणून स्वस्थ बसणंही चूकच. अशा वेळी इंजेक्शन देण्याआधीची पट्टी काढून शेजारी ठेवतात. ती चांगली होती का? आताच्या पट्टीत ठोके कळेनंतर पडताहेत का? सरासरी वेग चढत चाललाय का? नाळेतल्या रक्तप्रवाहाची डॉपलर सोनोग्राफी काय सांगते? औषधाने नागमोड कमी होते, पण औषधामुळे रेघेत वारंवार खड्डे पडत नाहीत. सपाट रेघ आणि कळेनंतरचे खड्डे एकत्र आले तर ते औषधाच्या माथी मारता येत नाही. फिगोच्या निकषांतही हे दिसतं : असे खड्डे एरवी ३० मिनिटं चालले तर पट्टी गंभीर ठरते, नागमोड कमी असेल तर २० मिनिटांतच.

प्रश्न : मिनिटाला १४०च्या वर ठोके म्हणजे मुलगी, खाली म्हणजे मुलगा, हे कितपत बरोबर? — नाव नको

अजिबात बरोबर नाही. ठोके बाळाच्या आठवड्यांवर, झोपेवर, हालचालीवर, आईच्या तापावर आणि औषधांवर बदलतात. एकाच बाळाचे एकाच तासात १३० आणि १५० दिसतात. आणि लिंगनिदान करून घेणं हा १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेल्या छोट्या डॉपलरने मी पत्नीच्या पोटावर रोज बाळाचे ठोके ऐकतो. तिच्या स्मार्टवॉचमध्ये हार्ट रेट व्हेरिएबिलिटीही दिसते. एवढं पुरेसं आहे का? — एक वाचक, ठाणे

घड्याळ दाखवतं ती तुमच्या पत्नीच्या हृदयाची व्हेरिएबिलिटी. बाळाची नाही. तिच्या मनगटावरून बाळाविषयी काहीच कळत नाही.

डॉपलरबद्दल जास्त काळजी वाटते. त्याच्या छोट्या पडद्यावर येतो तो सरासरी आकडा, आणि वरच्या पहिल्या उत्तरात लिहिलंय की अडचणीतल्या बाळाचा तो आकडाही चांगलाच असू शकतो. अर्ध्या मिनिटाच्या आवाजातून नागमोड कळत नाही. शिवाय वारेतून वाहणाऱ्या रक्ताचा सूं-सूं आवाज आणि आईच्या रक्तवाहिनीची धडधड घरी वेगळी ओळखता येत नाही. सगळ्यात वाईट होतं ते असं : बाळ दुपारपासून हलत नाही, संध्याकाळी नवरा डॉपलर लावतो, 'ठोके आहेत' म्हणतो, आणि दोघं सकाळपर्यंत थांबतात. ती रात्र कधी कधी बाळाच्या जिवावर बेतते.

डॉपलर बाजूला ठेवा आणि फिरणं मोजा. २८व्या आठवड्यानंतर, बाळ एरवी जास्त हलतं त्या वेळी पत्नीने डाव्या कुशीवर पडून लक्ष द्यावं. लाथ, वळणं, सरकणं, सगळं धरायचं, फक्त उचक्या सोडून. दोन तासांत दहा हालचाली झाल्या पाहिजेत. बहुतेक बाळांच्या त्याहून खूप लवकर होतात. दहाच्या खाली राहिल्या, किंवा दहा होऊनही तिला 'रोजच्यासारखं नाही' असं वाटलं, तर थेट रुग्णालयात. 'शेवटच्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं' हे घरोघरी सांगितलं जातं. हालचालीचा प्रकार बदलतो, वळण्यापेक्षा ढकलणं जास्त होतं. हालचाल कमी व्हायला नको.

प्रश्न : मी बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी गर्भाची हार्ट रेट व्हेरिएबिलिटी मोजायची आहे. सीटीजीच्या डेटावर मोठ्यांसाठीची सूत्रं, जसं आरएमएसएसडी (लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरं एकमेकांपेक्षा किती बदलतात याचं माप), लावली तर चालतील का? — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

सरळ लावू नका. मोठ्या माणसात आपण ईसीजीच्या आर-लाटांमधलं अंतर मोजतो. लाट टोकदार असते, वेळ मिलिसेकंदापर्यंत पकडता येते. सीटीजीचा प्रोब अल्ट्रासाउंडने झडपांची आणि हृदयाच्या भिंतीची हालचाल ऐकतो. तो संकेत पसरट असतो, प्रत्येक ठोक्याला त्याचा आकार बदलतो. म्हणून यंत्र ऑटोकोरिलेशन करतं, म्हणजे लागोपाठचे तुकडे एकमेकांवर ठेवून सगळ्यात चांगले जुळतात ते अंतर काढतं. त्यात शेजारचे काही ठोके एकत्र गुळगुळीत होतात. ही पद्धत येण्याआधीच्या डॉपलर यंत्रांत उलटा दोष होता, संकेताच्या डळमळीमुळे नसलेली नागमोड दिसायची. थोडक्यात, तुमच्या फाइलमधला प्रत्येक आकडा म्हणजे एक ठोका नव्हे. चेकियातल्या ब्रनोच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या ५५२ सीटीजी नोंदींचा संच सगळ्यांसाठी खुला आहे आणि विद्यार्थी तोच वापरतात. त्यात सेकंदाला ४ नमुने आहेत. १४०च्या गतीला सेकंदाला सव्वादोन-अडीच ठोके पडतात, म्हणजे तोच ठोका एकाहून अधिक वेळा मोजला जातो. त्यावर काढलेला आरएमएसएसडी गणित म्हणून बरोबर येईल, अर्थ मात्र काही नसेल.

सीटीजीसाठी वेगळं माप आहे. ऑक्सफर्डमध्ये जेफ्री डॉज आणि ख्रिस रेडमन यांनी ते बसवलं. एका मिनिटाचे १६ भाग करा, प्रत्येक ३.७५ सेकंदांचा. प्रत्येक भागातली सरासरी ठोक्यांचं अंतर म्हणून मिलिसेकंदांत काढा. लागोपाठच्या दोन भागांतल्या फरकांची सरासरी म्हणजे शॉर्ट टर्म व्हेरिएशन. १४०च्या गतीला एका भागात आठ-नऊ ठोके येतात, म्हणून यंत्राची गुळगुळीत करण्याची खोड इथे फारशी नडत नाही. मोठे खड्डे असलेली मिनिटं मोजणीतून वगळावी लागतात. ती राहिली तर माप खोटं वाढतं आणि आजारी बाळ निरोगी दिसतं, हे कोड लिहिताना विसरू नका. दुसरं, ठोके प्रति मिनिट या एककात फरक काढून शेवटी मिलिसेकंदांत बदलू नका. आधी ६०,०००ला प्रत्येक आकड्याने भागून अंतर काढा, मग फरक घ्या. दोन्हींचं नातं सरळ रेषेचं नाही.

हे माप प्रत्यक्ष कुठे कामाला येतं ते २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रफल चाचणीत पाहा. ३२ आठवड्यांच्या आत वाढ खुंटलेल्या बाळांना कधी बाहेर काढावं हा तिचा प्रश्न होता. २९ आठवडे पूर्ण होण्याआधी २.६ मिलिसेकंदांच्या खाली, आणि २९ ते ३२ आठवड्यांत ३च्या खाली व्हेरिएशन आलं तर प्रसूती, अशी मर्यादा तिथे ठेवली होती. एवढ्या छोट्या आकड्यावर निर्णय फिरतो. हे निकष कळा सुरू नसतानाचे आहेत, लेबरमधल्या पट्टीला ते लावत नाहीत.

ठोक्यागणिक खरी व्हेरिएबिलिटी हवी असेल तर गर्भाचा ईसीजी घ्यावा लागतो. पाणमोट फुटल्यावर बाळाच्या डोक्याला लावायचा इलेक्ट्रोड उत्तम संकेत देतो, पण आपल्याकडे तो क्वचितच वापरतात, आणि आईला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल तर लावत नाहीत. आईच्या पोटावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या संकेतात आईचीच लाट कितीतरी मोठी असते. ती वजा केल्यावर खाली बाळाची बारीक लाट उरते. साधारण २८ ते ३२ आठवड्यांत बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर विजेला अडवतो आणि तीही जवळपास नाहीशी होते. सेकंदाला निदान १,००० नमुने घ्या. २५० घेतलेत तर एकेका नमुन्यातलं अंतरच ४ मिलिसेकंदांचं होतं, आणि बाळाचा ठोक्यागणिक फरक त्याच घरातला असतो.

प्रश्न : माझा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे. 'साइन वेव्ह' दिसली तर धोका, असं वाचलं. नागमोड तर चांगली ना? — एक वाचक, मडगाव

चांगली नागमोड अनियमित असते, तिचे दोन कंगोरे सारखे नसतात. साइन वेव्ह मात्र शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी एकसारखी आणि गुळगुळीत असते : ५ ते १५ ठोक्यांची उंची, मिनिटाला ३ ते ५ लाटा, अर्ध्या तासाहून जास्त वेळ, आणि एकही उसळी नाही. ती बाळाच्या तीव्र रक्तक्षयाची खूण असते. आरएचच्या प्रतिपिंडांमुळे बाळाच्या रक्तपेशी फुटत असतील किंवा बाळाचं रक्त वारेतून आईकडे गेलं असेल तर ती दिसते. बाळ अंगठा चोखत असतानाही थोडा वेळ मिळतीजुळती रेघ येते, पण ती टोकदार असते, लवकर थांबते, आणि आधी-नंतर रेघ नेहमीसारखी दिसते.

तुमच्या बाबतीत एनएसटीवर भिस्त ठेवू नका. साइन वेव्ह दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणी (तुमच्या रक्तात ती प्रतिपिंडं आहेत का हे पाहणारी), २८व्या आठवड्याचं अँटी-डी इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर जन्मानंतर ७२ तासांत पुन्हा इंजेक्शन, हे चुकवू नका. प्रतिपिंडं आढळली तर बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा वेग डॉपलरने मोजून रक्तक्षय आधीच ओळखता येतो.

प्रश्न : सुनेला कळा चालू होत्या तेव्हा यंत्र सतत लावलं नाही, सिस्टर अधूनमधून येऊन ऐकायच्या. पैसे भरूनही असं का? — एक वाचक, नाशिक

सून निरोगी, नऊ महिने भरलेले, कळा आपोआप आलेल्या असतील तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०१८चा सल्लाच तसा आहे. सतत सीटीजी विरुद्ध अधूनमधून ऐकणं, अशा चाचण्या एकत्र पाहिल्या तर सतत यंत्रामुळे नवजात बाळांतल्या आकड्या निम्म्यावर येतात. पण बाळं दगावण्याचं आणि सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण बदललेलं दिसत नाही, आणि सिझेरियन दीडपटीहून जास्त होतात. कारण चांगली पट्टी विश्वासाची असते, वाईट दिसणाऱ्या पट्टीतली पुष्कळ बाळं मात्र ठीक निघतात.

ऐकण्याची रीत मात्र पक्की हवी. कळा जोरात सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर लावायच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी, प्रत्येक वेळी निदान एक मिनिट, आणि कळ संपल्यावर आणखी ३० सेकंद. तासाला एकदा घाईघाईने दहा सेकंद ऐकणं म्हणजे ऐकणं नव्हे. तसं झालं असेल तर तुमची तक्रार रास्त आहे. रक्तदाब, वाढ खुंटलेलं बाळ, आधीचं सिझेरियन, कळांचं इंजेक्शन, ताप, किंवा बाळाने पोटात शी केलेली असणं, यांपैकी काही असेल तर सतत यंत्र हवं.

प्रश्न : पहिल्या बाळंतपणाची पट्टी फाइलमध्ये ठेवली होती, आता कोरी दिसते. — एक वाचक, जळगाव

तो थर्मल कागद आहे, बसच्या तिकिटासारखा. उष्णता, ऊन आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तो उडतो. लॅमिनेशन केलंत तर पूर्ण काळा होईल. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर भागाभागाने फोटो घ्या. कडेला छापलेली वेळ आणि कागदाचा वेग फोटोत येऊ द्या, आणि मूळ पट्टी कागदी पाकिटात ठेवा.